खोकरीचे घुमट : जंजिऱ्याच्या सिद्दींचे दफनस्थान आणि त्याची उपेक्षा

प्रस्तावना :

उरणजवळच्या करंजा बंदरातून धरमतरची खाडी ओलांडली की रेवस लागते. तेथून अलिबाग, चौल, कोर्लई, काशीद, नांदगाव असा किनारा धरून दक्षिणेकडे गेल्यास मुरूड येते आणि मुरूडच्या पुढे राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी पाण्यात उभा असलेला जंजिरा किल्ला दिसू लागतो. रायगड जिल्ह्यातील सर्वाधिक पर्यटक येणाऱ्या स्थळांपैकी हे एक होय. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने किल्ल्यात जावे, तोफा पाहाव्यात, गोड्या पाण्याचे तलाव पाहावेत आणि परत फिरावे, असा येथील सहलीचा ठरलेला क्रम आहे. ज्यांनी हा किल्ला पिढ्यान् पिढ्या राखला, ते पुढे कोठे गेले, त्यांना मूठमाती कोठे मिळाली, हा प्रश्न मात्र या क्रमात कोठेच येत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर किल्ल्यापासून फार दूर नाही. मुरूडहून आगरदांड्याकडे जाणाऱ्या मार्गावर, राजपुरीजवळ खोकरी नावाचे लहानसे गाव आहे. तेथे झाडीच्या पार्श्वभूमीवर तीन मोठ्या दगडी कबर-वास्तू उभ्या आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘खोकरीचे घुमट’ म्हणतात. जंजिऱ्याच्या सिद्दी सत्ताधीशांचे हे दफनस्थान होय. प्रस्तुत लेखात या स्थळाचा इतिहास, त्याच्या देखभालीची जुनी व्यवस्था आणि ती खंडित झाल्यानंतर आलेली उपेक्षा यांचा विचार केला आहे. उपेक्षेचे कारण पैशांची कमतरता किंवा शासकीय अनास्था एवढेच सांगून थांबण्याची प्रथा आहे. खोकरीच्या बाबतीत ते पुरेसे नाही. या घुमटांना आपले म्हणणारा समाज आज जवळजवळ उरलेला नाही आणि ज्या समाजाच्या भूमीत ते आहेत त्याच्या इतिहासात सिद्दी हा शत्रू म्हणूनच नोंदला गेला आहे. या दोन गोष्टींचा एकत्र विचार केल्याशिवाय खोकरीची आजची अवस्था नीट समजत नाही.

सिद्दी सत्तेची घडण :

सिद्दी किंवा हबशी हे मूळचे पूर्व आफ्रिकेतील, मुख्यत्वे अॅबिसिनियाच्या परिसरातील लोक होत. ‘हबशी’ हा शब्द त्या प्रदेशाच्या ‘हबश’ या अरबी नावावरून आला. गुलाम म्हणून, शिपाई म्हणून आणि खलाशी म्हणून ते अरबी समुद्रातील व्यापारी मार्गांनी हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. दख्खनच्या सुलतानांनी त्यांना सैन्यात घेतले. त्यांच्यातील काही आपल्या कर्तबगारीने सरदारपदाला, तर एखादा राज्याच्या कारभारापर्यंत पोहोचला. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर हे याचे सर्वात ठळक उदाहरण. १६२६ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि खुलताबाद येथे त्याची कबर आहे.

राजपुरीच्या खाडीतील बेटावर मूळ वस्ती कोळ्यांची होती आणि त्यांचा प्रमुख राम पाटील याच्याकडून निजामशाही सरदारांनी ते बेट हस्तगत केले, अशी परंपरागत कथा आहे. ‘जंजिरा’ हा शब्दच बेट या अर्थाच्या ‘जझीरा’ या अरबी शब्दाचा अपभ्रंश होय. पुढे निजामशाही, मग आदिलशाही आणि शेवटी मोगल अशा धन्यांच्या नावाखाली सिद्दींनी हे ठाणे सांभाळले. धनी बदलत गेले, ठाणे त्यांच्याकडेच राहिले.

या सत्तेचे एक वैशिष्ट्य पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे. जंजिऱ्याचे प्रमुखपद दीर्घकाळ बापाकडून मुलाकडे जाणारे नव्हते. सिद्दी सरदारांच्या संमतीने त्यांच्यापैकी कर्त्या पुरुषाकडे ते जात असे. आरमार चालविणाऱ्या, संख्येने अल्प आणि चहूबाजूंनी शत्रू असलेल्या समूहाला दुबळा वारस परवडणारा नव्हता, हे त्यामागील व्यवहारी कारण असावे. वंशपरंपरागत नबाबी ही नंतरच्या काळातील गोष्ट आहे. त्यामुळे खोकरीला ‘राजघराण्याचे दफनस्थान’ म्हणताना थोडे सावध राहावे लागते. येथे विसावलेले पुरुष एका घराण्याचे नसून एका लष्करी बिरादरीचे नायक आहेत.

१६७० च्या सुमारास या बिरादरीत मोठे स्थित्यंतर झाले. जंजिऱ्याचा प्रमुख फत्तेखान छत्रपती शिवाजी महाराजांच्या सततच्या दबावाने किल्ला त्यांच्या स्वाधीन करण्यास तयार झाला होता. ही गोष्ट सिद्दी संबूल, सिद्दी कासीम आणि सिद्दी खैरियत या सरदारांना मान्य झाली नाही. त्यांनी फत्तेखानास कैद करून सत्ता हाती घेतली आणि मोगल बादशाह औरंगजेबाचे स्वामित्व पत्करले. मोगलांनाही सुरतेचा व्यापार आणि मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे यांच्या रक्षणासाठी आरमार हवे होते. त्यासाठीचा खर्च सुरतेच्या महसुलातून सिद्दींना मिळू लागला. १६७१ च्या फेब्रुवारीत, शिमग्याच्या सणाच्या रात्री, सिद्दी कासीमने अचानक हल्ला करून मराठ्यांकडे गेलेली दंडाराजपुरी परत जिंकली. या प्रसंगी दारूचे कोठार उडून मोठी हानी झाली. मोगल इतिहासकार खाफीखान याने या प्रसंगाची हकीकत नोंदवली आहे.

हा सिद्दी कासीम म्हणजेच इतिहासात ‘याकूतखान’ या किताबाने ओळखला जाणारा पुरुष. संबूलनंतर १६७७ पासून मोगल आरमाराचे आधिपत्य त्याच्याकडे आले आणि जंजिऱ्याचा किल्ला त्याचा भाऊ खैरियतखान सांभाळू लागला. उरण-पनवेलच्या वाचकाला याकूतखान परका वाटण्याचे कारण नाही. पावसाळ्यात त्याचे आरमार मुंबईच्या बंदरात, माझगावजवळ मुक्काम करीत असे आणि त्या निमित्ताने भोवतालच्या किनाऱ्यावरील गावांना त्याची झळ पोहोचत असे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदीस प्रारंभ केला, तेव्हा त्याला शह म्हणून १६८० च्या आरंभी शेजारचे उंदेरी बेट ताब्यात घेऊन तेथे तोफा चढविणारा हाच याकूतखान. १६८९ मध्ये इंग्रज आणि मोगल यांच्यातील तंट्यात तो शिवडीला उतरला, माझगाव घेतले आणि इंग्रजांना त्यांच्या मुंबईच्या किल्ल्यातच कोंडून ठेवले. कंपनीने औरंगजेबाची माफी मागून दंड भरल्यानंतर १६९० मध्ये त्याने मुंबई सोडली. ज्या इंग्रजांनी पुढे साऱ्या देशावर राज्य केले त्यांना त्यांच्याच किल्ल्यात वर्षभराहून अधिक काळ अडकवून ठेवणारा पुरुष खोकरीच्या एका घुमटाखाली आहे, ही गोष्ट शालेय पाठ्यपुस्तकांतून सहसा कळत नाही.

तीन घुमट :

खोकरी येथील वास्तूंचे सर्वात उपयुक्त जुने वर्णन १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या कुलाबा व जंजिरा या खंडात मिळते. त्यानुसार तिन्ही इमारती दगडी असून त्यांची शैली मुसलमानी वास्तुपद्धतीची आहे आणि ठिकठिकाणी चांगले कोरीव काम आहे. सर्वात मोठा घुमट सिद्दी सिरुलखान याचा. (काही ठिकाणी हे नाव सुरुलखान किंवा सुरूरखान असेही लिहिलेले आढळते.) १७०७ नंतर सुमारे पाव शतक तो जंजिऱ्याचा प्रमुख होता. हा घुमट त्याने स्वतःच्या हयातीतच बांधून घेतल्याचे सांगितले जाते. उरलेल्या दोन वास्तू याकूतखान आणि खैरियतखान या दोघा भावांच्या आहेत. दोन्हींवर अरबी शिलालेख आहेत. याकूतखानाच्या लेखात त्याच्या मृत्यूचा दिवस गुरुवार, जमादिलाखर महिन्याची ३० तारीख, हिजरी सन १११८ असा दिल्याचे गॅझेटियर सांगते. इंग्रजी कालगणनेप्रमाणे हा काळ १७०६ च्या ऑक्टोबरच्या सुमारास येतो. म्हणजे औरंगजेबाच्या मृत्यूच्या अवघे काही महिने आधी त्याचा हा आरमारी सरदार वारला.

हयातीत कबर बांधण्याची प्रथा दख्खनमध्ये नवी नव्हती. विजापूरचा गोलघुमट मुहम्मद आदिलशाहाच्या हयातीतच उभा राहू लागला होता. मृत्यूनंतर वारस आपली आठवण राखतील याची खात्री नसलेला राज्यकर्ता ती व्यवस्था स्वतःच करतो. जंजिऱ्यासारख्या, प्रमुखपद मुलाकडेच जाईल याची शाश्वती नसलेल्या ठिकाणी तर सिरुलखानाचा हा निर्णय अधिकच समजण्यासारखा आहे. त्याच्या मृत्यूनंतर जंजिऱ्यात वारसाहक्काचा कलह उद्भवलाच आणि त्याचा लाभ घेऊन १७३३ मध्ये बाजीराव पेशव्यांनी जंजिऱ्यावर मोहीम काढली.

या वास्तूंची रचना समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घेणे उपयुक्त ठरते. घुमटाच्या आत जमिनीवर जो थडग्याचा चौथरा दिसतो तो बहुधा केवळ खूण असतो, प्रत्यक्ष दफन त्याखाली जमिनीत केलेले असते. मृताचे शरीर दक्षिणोत्तर ठेवून मुख पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेला वळविले जाते. त्यामुळे अशा कोणत्याही वास्तूत शिरल्यावर थडग्याच्या लांबीवरून दिशा ओळखता येते. चौरस विधान, जोते, भिंतींतील कमानी आणि वर अर्धगोल घुमट ही मांडणी अहमदनगर-विजापूरच्या परंपरेतील होय. परंतु ती सुलतानांच्या राजधानीत नसून कोकणातील एका खाडीच्या काठी, जेमतेम काही तालुक्यांएवढ्या प्रदेशावर सत्ता असलेल्या आरमारी सरदारांनी आणली आहे. मुख्य घुमटांच्या आवारात लहान-लहान कबरीही आहेत. त्या कोणाच्या, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. नायकांच्या भोवती त्यांचे आप्त आणि सोबती निजलेले असावेत, अशी मांडणी दख्खनमधील अनेक दफनस्थानांत दिसते.

देखभालीची जुनी व्यवस्था :

स्मारक उभारणे एकदाचे काम असते, ते टिकविणे दरवर्षीचे. जुन्या राज्यकर्त्यांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून मंदिर असो, मशीद असो किंवा समाधी असो, तिच्यामागे जमिनीचे उत्पन्न लावून दिले जाई. खोकरीबाबत गॅझेटियरमधील नोंद या दृष्टीने बोलकी आहे. सिरुलखानाच्या घुमटासाठी नबाबाने सावली-मिठागर हे गाव लावून दिले होते आणि इतर दोन घुमटांसाठी दुसऱ्या एका गावाचे उत्पन्न होते. डागडुजी नबाबाच्या वतीने होई. याकूतखानाच्या कबरीपाशी दर गुरुवारी कुराणपठण चाले आणि पुण्यतिथीला उरूस भरत असे.

या दोन-तीन ओळींच्या नोंदीत एक संपूर्ण यंत्रणा आहे. गावाचा सारा येई, त्यातून पठण करणाऱ्याला, दिवाबत्ती करणाऱ्याला आणि झाडलोट करणाऱ्याला वेतन मिळे. दर आठवड्याला कोणीतरी तेथे जात असल्यामुळे भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप पहिल्याच पावसात उपटले जाई. छप्पर गळू लागले तर ते वर्षाच्या आत नबाबाच्या कानावर जाई. आजच्या भाषेत ज्याला ‘प्रतिबंधात्मक जतन’ म्हणतात ते त्या काळी कुराणपठणाच्या निमित्ताने आपोआप घडत होते. (याकूतखान गुरुवारी वारला आणि पठणही गुरुवारी होई. गुरुवारची रात्र मृतांसाठी प्रार्थना करण्याची असा मुसलमान समाजात सर्वत्र रिवाज असल्याने यात योगायोग किती आणि हेतू किती हे वाचकाने ठरवावे.)

१९४८ मध्ये जंजिरा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. शेवटचे नबाब सिद्दी मुहम्मदखान यांची सत्ता संपली. मुरूडचा राजवाडा राहिला, परंतु संस्थान उरले नाही. गावांचे उत्पन्न लावून देणारी आणि दुरुस्तीचा हुकूम काढणारी सत्ताच गेल्यावर घुमटांची जुनी व्यवस्था पूर्वीच्या रूपात राहणे शक्य नव्हते. सिद्दी समाज तर मुळातच संख्येने अल्प होता. आज मुरूड परिसरात त्यांची मोजकीच घराणी आहेत. अनेक कुटुंबे मुंबईकडे आणि अन्यत्र गेली. ज्यांच्या घरात उरसाची आठवण असेल अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

रायगड आणि खोकरी :

येथे एक तुलना करणे आवश्यक वाटते. काहींना ती रुचणार नाही, परंतु तिच्याशिवाय विषय अपुरा राहील.

रायगडावरील शिवछत्रपतींची समाधीही एके काळी अशाच उपेक्षेत होती. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला आणि पुढे तो सिद्दींच्या ताब्यात गेला. १७३३ मध्ये मराठ्यांनी तो परत घेईपर्यंत चार दशकांहून अधिक काळ शिवाजी महाराजांची समाधी असलेला गड खोकरीत विसावलेल्या या पुरुषांच्या आणि त्यांच्या अनुयायांच्या अमलाखाली होता. १८१८ मध्ये गड इंग्रजांनी घेतला आणि त्यानंतर समाधीकडे कोणी फिरकेनासे झाले. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने मुंबईविषयीच्या आपल्या ग्रंथात समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिले. सरकारने देखभालीसाठी वर्षाला पाच रुपये मंजूर केले, ही गोष्ट आजही उपहासाने सांगितली जाते. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून हा प्रश्न हाती घेतला, पुण्यात सभा झाली, लोकवर्गणी सुरू झाली आणि १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. प्रत्यक्ष जीर्णोद्धार १९२० च्या दशकात पार पडला.

या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. समाधी वाचली ती सरकारी पाच रुपयांमुळे नव्हे, तिला आपली मानणाऱ्या समाजामुळे वाचली. खोकरीला असा समाज लाभला नाही. त्यात आश्चर्य नाही आणि त्यासाठी कोणाला दोष देण्याचेही कारण नाही. मराठी माणसाच्या मनातील सिद्दी म्हणजे किनाऱ्यावरील गावे जाळणारा, माणसे पकडून नेणारा, परशुरामाचे देवालय उद्ध्वस्त करणारा शत्रू. १७२७ मधील परशुराम क्षेत्राच्या त्या प्रकरणाने ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर किती संतप्त झाले आणि त्यांनी सिद्दीविरुद्ध छत्रपती शाहू महाराज व पेशव्यांकडे कसा पाठपुरावा केला हे इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहे. त्या घटनेला जबाबदार असलेला सिद्दी सात याला १७३६ च्या एप्रिलमध्ये चिमाजी अप्पाने रेवसजवळ झालेल्या लढाईत ठार केले. करंजाच्या धक्क्यावर उभे राहिले असता समोर दिसणारा तो किनारा. ही स्मृती खोटी नाही आणि ती पुसण्याची गरज नाही.

प्रश्न एवढाच की शत्रूचे स्मारक हा इतिहासाचा पुरावा असतो की नाही. शिवाजी महाराजांनी आरमार का उभारले, सिंधुदुर्ग आणि खांदेरी का बांधले, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये जंजिऱ्यापुढे समुद्र बुजवून सेतू घालण्याचा प्रयत्न का केला, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देताना सिद्दीचे नाव घ्यावेच लागते. प्रतिस्पर्धी दुबळा ठरविला तर त्याच्याशी झुंजणाऱ्यांचा पराक्रमही लहान होतो. २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यात रायगड जिल्ह्यातील रायगड आणि खांदेरी यांचा समावेश आहे. खांदेरी का बांधली गेली हे समजून घेणाऱ्या अभ्यासकाला उंदेरीकडे पाहावे लागेल आणि उंदेरीवर तोफा चढविणाऱ्याचा माग काढत गेल्यास त्याला खोकरीलाच यावे लागेल.

या विषयाला देशाबाहेरचीही एक बाजू आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून बाहेर नेलेल्या माणसांचा इतिहास बहुतेक वेळा अमेरिकेच्या मळ्यांपुरता सांगितला जातो. हिंदी महासागराच्या बाजूला मात्र त्याच माणसांचे वंशज सेनापती आणि राज्यकर्ते झाले. २०१३ मध्ये न्यूयॉर्क येथील शॉम्बर्ग केंद्राने ‘गुलाम ते सेनापती आणि राज्यकर्ते’ अशा आशयाच्या शीर्षकाने भारतातील आफ्रिकी वंशीयांवर प्रदर्शन भरविले. आफ्रिकी वंशाच्या नायकांच्या, त्यांनी स्वतःच्या सामर्थ्यावर उभारलेल्या कबर-वास्तू जगात फारशा नाहीत. महाराष्ट्रात खुलताबादची मलिक अंबराची कबर आणि खोकरीचे हे घुमट आहेत. न्यूयॉर्कमध्ये ज्याचे मोल कळते ते मुरूडला येणाऱ्या सहलीच्या बसमधून उतरून पाहावेसे वाटत नाही, ही खंत आहे.

दगड, चुना आणि पाऊस :

उपेक्षा हा शब्द ऐकला की पाडापाडी किंवा चोरी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात कोकणातील जुनी वास्तू याहून कितीतरी संथपणे नष्ट होते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, समुद्रावरून येणारी खारी हवा आणि उरलेल्या महिन्यांतील कडक ऊन या तिघांचे काम अखंड चालू असते.

घुमटावरील चुन्याचा गिलावा हे वास्तूचे कातडे होय. त्याला बारीक तडा गेला की पाणी आत शिरते. पाण्याबरोबर क्षार दगडात मुरतात, उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक बनतात. स्फटिक फुगताना दगडाचा पापुद्रा सुटतो. कोरीव काम आणि अक्षरे पृष्ठभागावर असल्यामुळे सर्वात आधी तीच जातात. शिलालेखाच्या बाबतीत दगडाचा एक पापुद्रा जाणे म्हणजे मजकूरच जाणे. दुसरा शत्रू पिंपळ आणि वड. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडते, चुन्याच्या ओलाव्यावर रुजते आणि मूळ सांधा उघडत जाते. रोप बोटभर असताना हाताने उपटता येते. त्याचे झाड झाल्यावर ते काढले तर भिंत पडते आणि न काढले तरी पडतेच.

तिसरा धोका सद्हेतूने येतो. जुन्या चुन्याच्या बांधकामाला सिमेंटने डागडुजी करणे हा तो प्रकार. मुरवलेला, घाणीत मळलेला चुना ओलावा आत-बाहेर जाऊ देतो. सिमेंट तसे करीत नाही. त्याने कोंडलेले पाणी शेजारच्या मूळ दगडातून वाट काढते आणि पाच-दहा वर्षांत सिमेंटचा थर शाबूत राहून दगड झिजलेला दिसतो. गावोगावच्या जुन्या देवळांना तैलरंग फासणाऱ्या जीर्णोद्धार समित्यांना ही गोष्ट पटवणे किती कठीण असते, हे या क्षेत्रात काम करणारे जाणतात. खोकरीसारख्या ठिकाणी म्हणूनच दुरुस्ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावी लागते.

संरक्षण आणि वास्तव :

खोकरीचे घुमट केंद्र सरकारच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत. त्यामुळे १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम त्यांना लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित आहे. स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. भिंतीवर खडूने किंवा खिळ्याने नाव कोरणाऱ्या तरुणाला हे ठाऊक नसते. ज्या माणसाच्या कबरीवर आपण नाव कोरतो त्याचे नाव काय होते, हेही त्याला ठाऊक नसते. दुसरे अज्ञान अधिक गंभीर मानावे लागेल.

कायदा पाडापाडी थांबवू शकतो, परंतु दर गुरुवारची ये-जा तो निर्माण करू शकत नाही. सावली-मिठागरच्या उत्पन्नावर जे चालत होते त्याच्या जागी कधीमधी येणारा दुरुस्तीचा निधी आणि चौकीदार आले. निधी येतो तेव्हा काम होते, त्यानंतर काही पावसाळे तसेच जातात. जंजिऱ्याला जाणाऱ्या हजारो पर्यटकांपैकी थोडे जरी खोकरीला वळले, तरी माणसांची वर्दळ हीच एक प्रकारची राखण ठरेल. त्यासाठी राजपुरीच्या धक्क्यावर, होडीची वाट पाहत लोक उभे असतात त्या जागी, तिन्ही पुरुषांची नावे, काळ आणि अंतर सांगणारा एक मराठी फलक पुरे आहे. त्याला मोठा निधी लागत नाही.

अभ्यासाच्या दृष्टीने मात्र काही कामे फलकाहून निकडीची आहेत. दोन्ही अरबी शिलालेखांचे ठसे आणि चांगल्या प्रकाशातील छायाचित्रे घेऊन अक्षरांची आजची अवस्था गॅझेटियरमधील नोंदीशी ताडून पाहणे हे पहिले. अरबी-फारसी लेखांचा अभ्यास करणारी पुरातत्त्व विभागाची शाखा नागपूर येथे आहे आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना तिचे मार्गदर्शन घेता येईल. आवारातील लहान कबरींची मोजदाद करून त्यांचा आराखडा तयार करणे हे पदवीच्या विद्यार्थ्यांनाही जमण्याजोगे काम आहे. एक मोजपट्टी, एक होकायंत्र आणि हिवाळ्यातील चार दिवस त्यासाठी पुरतात. मुरूडमधील सिद्दी घराण्यांतील वृद्धांना खोकरीच्या उरसाविषयी, तेथील पठणाविषयी आणि कोणत्या कबरीवर कोणत्या घरातून चादर जात असे याविषयी जे आठवत असेल ते ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे तिसरे काम. संस्थान विलीन झाले तेव्हा जे दहा-बारा वर्षांचे होते ते आता नव्वदीच्या आसपास आहेत. शिलालेख आणखी काही पावसाळे तग धरतील, पण या तिसऱ्या कामाला तेवढी सवड नाही.